आईची मूठ जमेस धरा

१९४४, नोव्हेंबरचा पहिला रविवार. कापणीच्या उपकारस्तुतीचा दिवस. आमच्या घराची थकलेली वर्गणी एक रुपया चौदा आणे. हजर माणसं त्रेसष्ट. त्यांत पाळकसाहेब, चार पंच आणि माझी आई. मोठे पंच म्हणजे शाळेचे हेडमास्तर. मंडळीची वर्गणीची वही त्यांच्याकडेच. मीही हजर होतो. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढे सांगताना माणूस स्वतःला वगळतो.

आमचं ख्रिस्ती देऊळ सांगलीपासून तीन कोसांवर. कौलारू. पुढे सतरंजी, मागे तरट. सतरंजीवर शाळेत-दवाखान्यात पगारी असलेली घरं, तरटावर आम्ही मागल्या आळीचे. बाप्तिस्मा झाला, आळी तीच राहिली.

प्रभुभोजन चाललं होतं. पाळकसाहेब भाकरीचे तुकडे देत ओळीने येत होते. मागून हेडमास्तर, काखेत वही. आईने तळव्यावर तळवा ठेवून हात पुढे केले. हळद वेचून पिवळे पडलेले हात. पाळकसाहेब थांबले, मागे बघितलं. हेडमास्तरांनी वही उघडलीसुद्धा नाही.

"यांच्या घराची सहा महिन्यांची वर्गणी थकली आहे."

आई म्हणाली, "आवं पाळकसायेब, माझी मूठ हाय की. रोजची हाय."

"मूठ बायकांची. वर्गणी घराची," हेडमास्तर म्हणाले. आईचा हात तसाच पुढे. मग ते म्हणाले, "हात मागं घ्या बाई. ही भिक्षा नाही."

सतरंजीवर कोणी तरी हसलं.

हात किती वेळ पुढे होता ते मी मोजलं. अकरा. मी हळदीच्या पेठेत मापाडी, मोजायची सवय. अकराव्याला तिने हात मिटला आणि लुगड्याला पुसला. काही सांडलं असावं तसा.

मुठीचं सांगतो. आमच्यात बाई दळायला बसली की आधी एक मूठ जोंधळा देवाच्या मडक्यात टाकते. सकाळची एक, संध्याकाळची एक. शनिवारी मडकं देवळात रितं होतं. सगळ्यांची मूठ एका ढिगात, नाव कुणाचंच नाही. ढिगाचा लिलाव होतो, पैसे मंडळीला जातात. वर्गणी मात्र पुरुषाच्या नावावर, महिना पाच आणे, सहा महिन्यांची एकदम भरायची. ती थकली तर सगळ्या घराला भोजन बंद.

मग मी का थकवली? त्याआधीच्या सहा महिन्यांचे पैसे मी भरले होते, पण पावती हेडमास्तरांनी दिली नव्हती. पावती नाही तर पैसे नाहीत, असं मी ठरवलं होतं. त्या रविवारी माझ्या खिशात दोन रुपये होते. तिथल्या तिथे उठून देता आले असते. मी उठलो नाही. पावती हातात पडू दे, मग बघू, असा विचार करत बसलो. आईचा हात पुढे असताना.

घरी आल्यावर मी म्हणालो, "उद्यापासनं मूठ बंद."

"का रं? देवानं काय केलंय तुजं?" तिने जोंधळा टाकला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुज्या खिशात पैसं हुतं न्हवं?"

"व्हय."

"मग?"

एवढंच. अजून कुठेही तागडी उचलली की तो शब्द एका पारड्यात येऊन बसतो. दुसऱ्यात काय ठेवावं ते मला कळत नाही.

सोमवारी मी पैसे घेऊन हेडमास्तरांकडे गेलो. जुनी पावती मागितली. ते म्हणाले, "देवाच्या घरी पावत्या मागतोस?" मी पैसे परत खिशात घातले. पुन्हा तीच चूक. बरोबर मीच होतो, आणि किंमत आई देत होती.

जानेवारीत ती अंथरुणाला खिळली. पाळकसाहेब एका दुपारी एकटेच आले, रुमालात भाकरी घेऊन. भला माणूस, पण भित्रा. आईने विचारलं, "वहीवाल्यास्नी इचारलंसा का?" ते रुमालाकडे बघत राहिले. तिने हात गोधडीतून बाहेर काढला नाही. फेब्रुवारीत गेली. धुताना उजवी मूठ उघडेना. तशीच मिटलेली पुरायची ठरली.

पेटी उचलायच्या आधी हेडमास्तर दारात आले. चार माणसांत म्हणाले, "पंचांनी बाकी माफ केली आहे. म्हातारीचं नाव चांगल्या सभासदांत लिहू."

चुलत्याने हात जोडले, "लय उपकार झालं, मास्तर."

ते जोडलेले हात मी बघितले. मी तागडी आणली. मडक्यातला राहिलेला जोंधळा पारड्यात ओतला. मी म्हणालो,

"माफ करू नका, मास्तर. तोला. तिची मूठ चार तोळ्यांची. दिसाला आठ तोळे. वर्साला साडेछत्तीस शेर. तुमच्या लिलावात रुपयाला चार शेर गेला. म्हंजे नऊ रुपये दोन आणे. तुमची बाकी वजा जाता सात रुपये चार आणे आमचंच निघतंय. माजी आई फुकट खाईत न्हवती."

"मयताच्या घरात हिशेब?" ते म्हणाले.

"तुमी देवाच्या जेवणात केला."

तरटावरच्या बायका तेवढ्या माझ्याकडे बघत होत्या. मनात आपापली मूठ तोलत असाव्यात.

मंडळी सोड म्हणणारे भेटले. सोडणार नाही. देऊळ आईने चोवीस वर्षं शेणाने सारवलं आहे. मी रविवारी जातो, तरटावर बसतो, मयताला खांदा देतो, पावसाआधी कौलं चाळतो. शनिवारी देवळाच्या दारात तागडी घेऊन उभा राहतो. ढिगात पडण्याआधी प्रत्येक बाईची मूठ तोलतो आणि तिच्या नावावर माझ्या वहीत लिहितो. पंच ती वही मानत नाहीत. भाकरीसाठी मात्र मी हात पुढे केलेला नाही. बाईची मूठ मंडळीच्या वहीत जमेस धरली जाईल, तोवर करणार नाही. आज चौथं वर्ष आहे. दहा लागली तरी हरकत नाही.

आईच्या मातीनंतरच्या पहिल्याच रविवारी, भर देवळात, मी ती माफ केलेली बाकी घेऊन उभा राहिलो होतो. हेडमास्तरांनी हात पुढे केला. मी पैसे मुठीत ठेवले आणि अकरापर्यंत मोजलं. त्यांचा हात तसाच पुढे. यावेळी कोणी हसलं नाही. मग पैसे त्यांच्या हातात सोडले.

दिले, एक रुपया चौदा आणे. घेणार, हेडमास्तर. पावती तिथेच लिहून घेतली, आईच्या नावाने.