खेड कुठे उतरला

नव्या जावयाला भटकी कुत्री धुवायला लावणारा सासरा अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला आला. हिचे काका. हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर घरामागच्या रिकाम्या गोठ्यात त्यांनी जखमी, टाकून दिलेल्या कुत्र्यांचा आश्रम मांडला. लग्नानंतर मी पहिल्यांदा पाया पडायला गेलो, तेव्हा आशीर्वादाआधी त्यांनी हातात गोचिडांचं औषध दिलं. "बसू नका हो जावईबापू, नव्या पँटीला डाग पडतील. उभ्यानेच चोळा." तेव्हापासून माझे रविवार आश्रमातल्या आणखी चार-पाच हौशी मंडळींबरोबर तिथेच गेले.

कंडक्टरकी त्यांच्या अंगातून गेली नव्हती. कुत्रं ज्या थांब्यावर सापडेल, त्या थांब्याचं नाव त्याला. जेवणाच्या वेळी काका थाळीवर पळी वाजवून "पाली! हातखंबा! लांजा! चला, पुढे सरका," असा पुकारा करत, आणि रस्त्याने जाणारा नवखा माणूस गाडी कुठे उभी आहे ते शोधत राही. एकदा ते मुरुडला लग्नाला गेले. किनाऱ्यावर एक कुत्रा निपचित पडलेला दिसला. काकांनी तो उचलून वऱ्हाडाच्या जीपमध्ये, एका आत्याबाईंच्या शालूवर ठेवला आणि रत्नागिरीला आणला. संध्याकाळी मालकाचा फोन आला. कुत्रा दुपारचा झोपला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला परत पोचवला. वाटेतही तो झोपूनच होता.

स्वतःचा म्हणून मात्र एकही कुत्रा त्यांनी ठेवला नाही; बरा झाला की चांगलं घर बघून देऊन टाकत. "आपण म्हणजे नुसता थांबा. मुक्कामाचं गाव नव्हे," असं ते आम्हाला बजावत. हा नियम एकदाच डळमळला, तो खेडला सापडलेल्या तीन पायांच्या खेडपायी. त्याला मागायला येणाऱ्या प्रत्येकात काकांना खोट दिसे. एकाच्या अंगणाला उतार फार, दुसरा सारखा फोनकडे बघतो, तिसऱ्याचा आवाजच तापट. शेवटी वेळणेश्वरच्या एक मावशी आल्या; मुलगा बोटीवर, घरी एकट्या. खेड आपणहून त्यांच्या पायाशी जाऊन बसला. काकांना काही खोट सापडेना. त्यांनी खेडला दिलं, आणि त्या दिवशी थाळी मला वाजवायला लावली.

काका त्या गावाला कधी गेले नाहीत. गेलो तर परत घेऊन येईन, म्हणायचे. पण त्याला देऊन टाकलं ते चुकलं की काय, हा घोर त्यांच्या जिवाला लागून राहिला. दीडेक वर्षाने ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मला म्हणाले, "एकदा बघून या हो. आणि आल्यावर खरं सांगा."

गेलो. खेड पडवीत आडवा, चांगला गुबगुबीत. नावाने हाक मारली तर कानही हलवला नाही. "राजा म्हणते मी त्याला आता," मावशी हसल्या. "माशाचा तुकडा नसला तर जेवत नाय मेला." मी मुद्दाम काकांचा जुना सदरा नेला होता. त्याने तो हुंगला आणि तोंड फिरवलं.

परतताना मी एक छान खोटं जुळवून ठेवलं. पण काकांनी बिनतिकिटाच्या उतारूकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "आठवण काढतो का माझी?"

मला खोटं बोलवेना. "नाही, काका."

ते छपराकडे बघून हसले. "बरं झालं. म्हणजे बरोबर ठिकाणी उतरला."

त्याच महिन्यात काका गेले. त्यांची फार आठवण येते. रविवारी थाळी आता मीच वाजवतो, आणि थांब्यांची नावं घेताघेता तोंडून अजून "खेड" निघून जातं. कोणी येत नाही. मी जरा वेळ थांबतो आणि पुढचं नाव घेतो.