साकवावरून कोण चाललं?

सरकारचं लेखी उत्तर नाना खालून वर वाचत. आधी शेवटची ओळ, मग तिच्या वरची. मी आमदारांच्या कार्यालयात टायपिस्ट; अधिवेशनात ते सरकारला विचारत ते प्रश्न मीच टाइप करायचो. उत्तर हातात दिलं की चष्मा पुसून नानांचा उलटा प्रवास सुरू. "वरती समदं ग्वाड लिवल्यालं असतं, भाऊ," ते म्हणत, "खरी मेख खाली असती."

नाना निवृत्त पोस्टमन, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीचे. बस आली तर बसने, नाही तर पायी, पण दर सोमवारी हजर. "जय भीम" म्हणून खुर्ची ओढायचे आणि माझा चहा माझ्याआधी संपवायचे. त्यांचं दुखणं एकच, वाडी आणि शाळेच्या मधला ओढा. त्यावर साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल, मंजूर होता. उभे होते मात्र नुसते दोन खांब. नात प्रज्ञा नववीत. पावसाळ्यात ओढा चढला की पोरगी घरात अडकायची. यंदा साकव झाला नाही तर तिची शाळा बंद, असं सुनेने नानांना स्पष्टच सांगितलं होतं.

हिवाळी अधिवेशनासाठी मी प्रश्न तयार केला: "साकवाचे काम अपूर्ण आहे, हे खरे आहे काय? असल्यास, विलंबाची कारणे काय?" माझ्या मसुद्यावर मी भलताच खूश होतो. उत्तर आलं, "हे खरे नाही. काम पूर्ण झाले आहे." आणि खालच्या पोटप्रश्नाला, "प्रश्न उद्भवत नाही."

मी संतापलो. नाना मात्र हसले. "आपलंच चुकलं राव. पयल्या सवालाला त्यांनी 'न्हाई' म्हणलं, की खालचं समदं आपोआप मेलं. पयला सवाल असा पायजे, की 'व्हय' म्हणल्याबिगर सुटकाच नाय."

पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न त्यांनी सांगितला, मी टाइप केला. एक, साकव पूर्ण झाल्याचे उत्तर शासनाने मागील अधिवेशनात दिले, हे खरे आहे काय? दोन, असल्यास, कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या दिवशी त्यावरून चालत जाऊन पाहणी केली? सही करताना आमदारही हसले. आपल्याच उत्तराला खोटं म्हणायची सोय आता सरकारला उरली नव्हती.

आठवड्याभरात जीपमधून एक साहेब वाडीत उतरले. नाना खांबापाशी वही घेऊन उभेच होते. "चला सायेब, व्हा पुढं. तारीख मी लिवून घेतो." साहेबांनी खांबाकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. अख्खी वाडी हसू दाबून उभी होती.

या वेळी उत्तर आलं, "काम अपूर्ण असल्याचे निदर्शनास आले आहे. पावसाळ्यापूर्वी पूर्ण करण्यात येईल." आणि ते झालंही. त्या दिवशी मी नानांना माझ्या पैशाने भजी खाऊ घातली.

नाना जाऊन आता दोन वर्षं झाली. आजही मसुदा करताना पहिला पोटप्रश्न मी तीनदा तपासतो, आणि त्यांची आठवण येऊन गलबलतं.

साकव झाला त्या वर्षी श्रावणात मी मुद्दाम वाडीला गेलो होतो. ओढा दुथडी भरून वाहत होता. प्रज्ञा मैत्रिणीशी गप्पा मारत साकवावरून पलीकडे गेली. मागे आजोबा उभे आहेत याचंही तिला भान नव्हतं. "एकदा वळून तरी बघायचं पोरीनं," मी म्हणालो.

"तिनं वढ्याकडं बी बघितलं नाय, भाऊ," नाना म्हणाले. "त्याच्यासाठीच तर येवढं लिवलं आपण."