शिशाची अंगठी

नात रेडिओ दुरुस्त करायला बसली की वितळलेल्या शिशाचा आणि राळेचा वास घरभर पसरतो, आणि मी थेट जबलपूरच्या आमच्या बैठकीत पोचते.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. मी कॉलेजात फिजिक्स शिकत होते. सराफ्यातले एक पेढीवाले मुलासाठी मला बघायला आले होते.

"काय शिकवून राहिले तिथं?" त्यांनी विचारलं.

मी उत्साहानं सांगितलं, "शिशाची अंगठी अतिशय गार करून तिच्यात वीज सोडली, तर बॅटरी काढल्यावरही वीज आत फिरतच राहते. तिला अडवणारं काही उरतच नाही."

"अच्छा? आणि सोन्यात?"

"सोन्यात नाही होत तसं."

ते खो खो हसले. "सोन्याला जमत नाही ते शिशाला? शिसं म्हणजे भेसळ, बाई. पोरगीपण तशीच दिसून राहिली."

मुलगा खाली मान घालून चिवडा खात राहिला. आईनं मला आत बोलावलं.

तापलेला राग विझत असेल. मी माझा गार ठेवला, म्हणून तो अजून फिरतोच आहे.

काल त्याच पेढीवरून नातीसाठी स्थळ आलं. मी निरोप धाडला, "खुशाल या. येताना अंगठी मात्र शिशाची आणा."