केतकीच्या पासवर

"आजच्या दिवस तू केतकी," राघवसर म्हणाले आणि त्यांनी ते कार्ड माझ्या गळ्यात अडकवलं.

बोटीवर आमच्या ऑफिसचे सहा जण होतो. सगळे हसले. खुद्द केतकीही हसली.

"गार्ड आला की नुसती मान हलवायची," सर पुढे म्हणाले. "तोंड उघडू नकोस. तू बोललीस की लगेच कळतं केतकी नाही ते."

परत हसले. मीही हसले. त्यांचं हसणं मी विसरेन एखाद वेळ. माझं स्वतःचं विसरता येत नाही.

ते कार्ड म्हणजे समुद्री उद्यानाचा वार्षिक पास. चेन्नईहून ईसीआरनं, म्हणजे किनाऱ्याकडच्या हमरस्त्यानं, दीड-दोन तास खाली गेलं की समुद्राचा एक पट्टा राखीव केलाय. पिवळी तरंगती पिंपं लावून हद्द आखलीय. आत प्रवाळ आहे, कासवं येतात. तिथं स्कूबा डायव्हिंग करायचं तर एक तर त्या दिवसाची प्रवेश फी भरा, पण रोज मोजक्याच माणसांना सोडतात. नाहीतर वर्षाचा पास काढा. पास असला की तिकिटाच्या खिडकीशी थांबायचं काम नाही.

चेन्नईत पेरुंगुडीला आमची कंपनी, तिथं डायव्हिंगचा ग्रुप होता. राघवसर त्याचे प्रमुख. माझे मॅनेजरही तेच. पुण्याचे. मी परभणी जिल्ह्यातली. नोकरीच्या पहिल्या दिवशी इतक्या लांब मराठी माणूस भेटला म्हणून मला रडू यायचं बाकी होतं. त्यांनी विचारलं, "आडनाव काय?" मी सांगितलं.

"अच्छा," म्हणाले.

तेवढंच. पण त्या अच्छानंतर त्यांच्या टेबलावरचा डबा माझ्याकडे कधी सरकला नाही.

जानेवारीत कंपनीनं ग्रुपचे पास काढले. फॉर्म सरांनीच भरले. पाच जणांचे पास आले. माझा नव्हता. मी विचारायला गेले तर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "अगं, तू किती दिवस टिकशील कोणाला माहीत? तुम्हा लोकांना पाण्याची सवय नसते. तुझी त्या त्या दिवसाची फी भरू."

तुम्हा लोकांना.

मी "ठीक आहे सर" म्हणाले. माझ्या कामाचा वर्षाचा शेरा त्यांच्या हातात होता.

पाण्याची सवय नव्हती, हे खरंच होतं. आमच्या गावच्या ओढ्यावर आमची जागा सगळ्यात खाली. वरच्यांची गुरं धुऊन झाली की ते पाणी आमच्याकडे यायचं. त्यात कोण पोहणार? मी पोहायला शिकले सव्विसाव्या वर्षी, चेन्नईत, पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभी राहून. मग डायव्हिंगचा कोर्स केला. प्रत्येक वेळी पाण्यात उतरायची भीती वाटायची. तरी उतरायची. खाली गेल्यावर कोणी बोलत नाही, कोणाला बोलता येत नाही, ते मला आवडायचं.

त्या शनिवारी खिडकीवर पाटी होती, आजचे प्रवेश संपले. केतकीला सर्दी झालेली, कान दुखत होते. ती पाण्यात उतरणार नव्हती. नुसती फोटो काढायला बोटीवर येणार होती, आणि त्याला पास लागत नाही. तिचा पास रिकामा होता.

मी म्हणाले, "सर, मी किनाऱ्यावर थांबते."

"सगळे जाणार आणि तू वाळूत बसणार? नाटकं करू नकोस."

मग ते कार्ड गळ्यात आलं. गार्ड आला. कार्डावरचा फोटो खाऱ्या पाण्यानं पुसट झालेला. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं. मी मान हलवली. डायव्हिंगच्या सूटच्या आत घाम पाठीवरून खाली उतरत होता. गार्ड गेला. कोणीतरी मागून म्हणालं, "शाब्बास केतकी."

पाण्याखाली जोडीनं राहायचं असतं. जोडीदाराला सोडायचं नाही, हा पहिला धडा. मी नवीन, म्हणून माझी जोडी सरांशी होती. खाली पाणी गढूळ होतं. चार हातांपलीकडचं दिसेना. थोड्या वेळानं एक मोठं कासव आलं. सरांनी कॅमेरा काढला, मला तळहात दाखवला. थांब. आणि ते कासवामागे गेले.

मी थांबले. सांगितलं तिथं थांबायची मला लहानपणापासून सवय.

कोणी आलं नाही. मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता, आणि तो फार जोरात चालला होता. कोर्समध्ये शिकवलं होतं, जोडीदार हरवला तर मिनिटभर शोधा, मग सावकाश वर या. मी शोधलं. वर आले.

बोट चालली होती.

आधी वाटलं वळून येतेय. मी हात वर केला. शिट्टी वाजवली. ओरडले. इंजिनाचा आवाज बारीक होत गेला, मग लाटांचाच आवाज राहिला.

डायव्हिंगच्या जाकिटात हवा होती, म्हणून मी तरंगत होते. लांबून दिसावं म्हणून जवळ देतात ती केशरी नळी होती, ती फुगवून उभी केली. हे सगळं हात करत होते. मी वेगळीच कुठेतरी होते. किनारा म्हणजे एक बारीक रेघ. लाट आली की तीही जायची. पायाखाली काय आहे दिसत नव्हतं. मी पाय पोटाशी घेतले. सूटमध्येच लघवी झाली. दोनदा उलटी झाली. आईला हाका मारल्या, मोठ्यानं, वेणा देणाऱ्या बाईसारख्या. तोंडात खारं पाणी गेलं की वाटायचं, आता गेले.

तरी मनात एकच होतं. ते मोजतील. एक कमी भरेल. परत येतील.

त्यांनी मोजलं होतं. ते मला नंतर कळलं. बोटवाल्यानं निघण्याआधी पासांची यादी वाचली. "केतकी?" वर बसलेली केतकी म्हणाली, "हो." राघवसर यादी वाचणाऱ्याच्या समोर बसले होते, कॅमेऱ्यात कासव बघत. त्यांना ठाऊक होतं यादीतली केतकी म्हणजे कोण. त्यांनी मान वर केली नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. मला मासेमारीची एक फायबरची बोट दिसली, पिवळ्या पिंपांच्या पलीकडे. त्यात दोघं होते. ती बोट थांबली. जरा वेळ तशीच थांबली. मग पिंपांच्या आत आली.

पासष्टीचा एक माणूस आणि त्याचा भाऊ. दोघांनी मला सिलिंडरसकट आत ओढलं. मी बोटीच्या तळाशी जाळ्यावर पडले. दात वाजत होते.

"बयप्पडादे मा," तो म्हातारा म्हणाला. घाबरू नको, बाई. परत परत तेच म्हणत राहिला. त्यानं बाटलीतून स्वतः घोटभर पाणी घेतलं आणि तीच बाटली माझ्या तोंडाला लावली.

मग विचारलं, "पेर एन्ना?" नाव काय?

मी तोंड उघडलं. मग मी नाव सांगितलं. आडनावासकट. ओरडूनच सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि इंजिन सुरू केलं.

त्याचं नाव सेल्वम. उद्यान झाल्यापासून कोळ्यांना त्या पिंपांच्या आत यायला बंदी आहे. त्याचा बाप तिथं जाळी टाकायचा. ते त्यानं मला इंजिनाच्या आवाजात ओरडून सांगितलं. म्हणून तो हद्दीवर थांबला होता. आत यायचं की नाही ते ठरवत होता.

किनाऱ्याला लागलो तसे गार्ड धावले. मला वाटलं माझ्यासाठी. त्यांनी सेल्वमच्या इंजिनाला हात घातला. पिंपांच्या आत बोट आणली म्हणून इंजिन जप्त.

आमचा ग्रुप तिथंच होता. सामान परत देताना एक सिलिंडर कमी भरला होता, त्यावरून गडबड सुरू झाली होती. सिलिंडर कमी भरला म्हणून.

उद्यानाच्या, खाकी कपड्यातल्या अधिकारी बाई आल्या. त्यांनी राघवसरांना विचारलं, ही तुमच्यातली का?

सरांनी माझ्याकडे बघितलं. माझे ओठ निळे पडले होते. माझ्या केसांत ओकारी होती. दोन वर्षं मी त्यांच्यापासून तिसऱ्या खुर्चीवर बसते.

"नो मॅडम," ते म्हणाले. "आमचे सगळे परत आले. यादी बघा."

मग पुढे झाले, जणू मला आधार देतायत, आणि हळू आवाजात मराठीत म्हणाले, "गप्प राहा. पासचा घोळ कळला तर सगळ्यांचे पास जातील. दंड होईल तो मी भरतो. तुझं प्रमोशनही बघतो. आत्ता फक्त गप्प राहा."

समुद्रात जेवढी घाबरले नव्हते तेवढी मी तिथं वाळूवर घाबरले. नोकरी जाईल. घरभाडं, धाकट्या बहिणीचं कॉलेज. पोलीस पकडतील. दुसऱ्याच्या पासवर मीच तर गेले होते. मी तिथंच खाली बसले.

अधिकारी बाई सेल्वमला दरडावून विचारत होत्या, विनापास मुलीला आत कशाला नेलं? किती घेतले तिच्याकडून? तो हात जोडून सांगत होता, नेलं नाही, उचलून आणलं. कोणी ऐकत नव्हतं. त्याचा भाऊ इंजिनाला मिठी मारून उभा होता.

सर माझ्याकडे बघून किंचित मान हलवत होते. बोलू नको.

मी सूटची चेन खाली ओढली. आतून ते कार्ड काढलं.

मला तमिळ नीट येत नाही. बसमधलं, भाजीबाजारातलं येतं. त्याच तमिळमध्ये, मध्ये इंग्रजी घालून मी बोलले. हे कार्ड माझं नाही. ती समोर उभी आहे तिचं आहे. या माणसानं माझ्या गळ्यात घातलं. हा माझा मॅनेजर आहे, पाण्याखाली माझा जोडीदार होता. मला सोडून आला. या म्हाताऱ्यानं मला उचललं, त्याची चूक नाही. माझी आहे, ती लिहा. या मॅनेजरचीही लिहा.

आवाज फाटत होता. मी थांबले नाही.

"शी इज इन शॉक," सर म्हणाले.

बाईंनी कार्ड हातात घेतलं आणि केतकीला विचारलं. केतकी रडायला लागली. मग म्हणाली, "हो. माझं आहे."

बाईंनी खुर्ची मागवली, मला बसवलं, आणि सगळं पहिल्यापासून लिहून घेतलं. दुसऱ्याचा पास वापरला म्हणून मला दंड झाला. वर्षभर उद्यानात यायला बंदी. मी सही केली. तो गुन्हा मी केला होता. ग्रुपचे पाचही पास त्यांनी चौकशी होईपर्यंत ठेवून घेतले. सेल्वमचा जबाब झाला आणि इंजिन त्याला परत मिळालं. जाताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला मासळीचा वास होता.

सोमवारी पेरुंगुडीला मला मीटिंगरूममध्ये बोलावलं. कागद आधीच छापून तयार. मी स्वतःच्या चुकीनं गटापासून वेगळी झाले, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. खाली सहीची जागा.

राघवसर समोर बसले होते. "यादीत नाव आलं होतं," म्हणाले. "मी काय करणार?" मग त्यांनी सुस्कारा सोडला. "तुम्हा लोकांमध्ये एवढा कडवटपणा कुठून येतो गं?"

"तुम्हा लोकांमध्ये म्हणजे कोणामध्ये, सर?" मी विचारलं.

दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं. बाजूला बसलेल्या एचआरच्या मुलीला मराठी येत नव्हतं. तिनं दोघांकडे बघितलं. सरांनी पेन उघडलं, बंद केलं.

मी सही केली नाही. घरी जाऊन माझा स्वतःचा जबाब लिहिला. बोटीवरचं हसणं लिहिलं, यादी लिहिली, किनाऱ्यावरची ओळख नाकारणं लिहिलं. आणि "तुम्हा लोकांना", "तुम्हा लोकांमध्ये" हे शब्द जसेच्या तसे लिहिले, दोन्ही वेळचे. कंपनीला दिला, पोलिसात दिला.

मला प्रोजेक्टवरून काढलंय. रोज जाते आणि रिकाम्या टेबलाशी बसते. कोणी बोलत नाही. केतकीचा एकदा मेसेज आला, सॉरी. मी उत्तर दिलं, साक्ष देशील का? ते तिनं वाचलंय.

आईला फोन केला. तिनं सगळं ऐकलं. "नोकरी जाईल का माय?"

"जाईल बहुतेक."

मग आई म्हणाली, "जाऊ दे. पण त्यायच्या कागदावर सही करू नको."

मी धीट झालेली नाही. अंघोळ करताना पाणी तोंडावरून गेलं की श्वास अडकतो. लिफ्टमध्ये सर दिसले की मी जिन्यानं जाते. परवा कंपनीच्या चौकशी समितीसमोर जायचंय. त्या टेबलापलीकडे पाच जण असतील, आणि पाचही जण सरांच्या ओळखीचे. मला एकटीला बोलावलंय.

घाबरलेली आहे. तशीच जाणार आहे.