सुरात रडणारी रुपीबाई

रुपीबाईइतकं चांगलं रडणारी बाई दिग्रस-आर्णीच्या टापूत दुसरी नव्हती. लोक हे कौतुकानं सांगायचे. बंजाऱ्यांच्या तांड्यात रडायचीही रीत आहे. नवरी सासरी निघाली की एकेकीच्या गळ्यात पडून सुरात रडते, त्याला ढावलो म्हणतात. आईनं किती जपलं, भावानं काय काय केलं, आता हा ओटा मला परका झाला, असं सगळं त्यात गुंफायचं असतं. बऱ्याच दिवसांनी माहेरचं माणूस भेटलं तरी बायका आधी गळ्यात पडून सुरात रडणार आणि मगच खुशाली विचारणार. ज्या नवरीला हे जमत नाही, तिच्या आईला लोक नावं ठेवतात. म्हणून कुठं लग्न ठरलं की पोरीला शिकवायला रुपीबाईला बोलावणं यायचं. बाईमाणसाला मान मिळायचे प्रसंग मुळातच थोडे, त्यामुळे तिलाही ते आवडायचं; खोटं कशाला बोला!

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या साली तिला पहिली मुलगी झाली. बाळंतपण अवघड गेलं, पण निभावलं. अंगातलं दुखणं ओसरलं आणि मग दुसरंच काहीतरी सुरू झालं. लेकरू रडायचं आणि ही त्याच्याकडे ते शेजारणीचं असल्यासारखं बघत बसायची. झोप उडाली. भाकरीची चव गेली. पाण्याला गेली की विहिरीच्या काठावर उगाच उभी राहायची आणि मग स्वतःलाच भिऊन रिकामी घागर घेऊन परत यायची. मुलीला मांडीवर घ्यायचं म्हटलं की तिला आपल्याच हातांची धास्ती वाटे. आणि रडू तर सारखंच. दळताना, थापताना, कापूस वेचताना.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळी गफलत इथंच झाली. इतक्या वर्षांची सवय. रुपीबाईला रडू आलं की ते आपोआप सुरातच यायचं. जात्यावर तिनं गळा काढला की आसपासच्या बायका हातातलं काम ठेवून दाराशी येऊन बसायच्या.

"काय गळा हाये वं हिचा!" सासू भुरीबाई अभिमानानं सांगायची. "बाळंतीण हाये, पन सूर काही ढळत नाई."

एकदा रुपीबाईनं धीर केला. सासूला ती याडी म्हणायची, म्हणजे आईच. म्हणाली, "याडी, मी काही गाऊन नाई राह्यली. मले खरंच रडू येऊन राह्यलं."

"मंग येईनच ना," भुरीबाई पीठ चाळता चाळता म्हणाली. "बाईची जात. कोनाले येत नाई?"

झालं. एवढ्यावर तो विषय संपला.

त्याच उन्हाळ्यात तिचा जेठ बाबूसिंग, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, याचा एक बैल साप चावून मेला. बैल लाडका होता, घरच्या गाईचा. बाबूसिंग बोलेनासा झाला. जेवणावरून उठून जायचा, दिवसभर गोठ्यात बसून राहायचा. त्याच्या डोळ्याला मात्र चारचौघांत कुणी पाणी पाहिलं नाही. मर्द माणूस, तो कसा रडेल? रुपीबाईनं एकदा शेण काढायला जाताना त्याला मेलेल्या बैलाच्या दाव्याला कपाळ लावून हुंदके देताना पाहिलं. तिनं घुंगट ओढला आणि आल्या पावली माघारी फिरली. जेठाशी भावजयीनं बोलायचं नसतं. नाहीतर त्या घरात एकमेकांचं दुखणं ओळखणारी तीच दोन माणसं होती.

बाबूसिंग मुका झाला म्हटल्यावर तांडा हादरला. घरचा कर्ता माणूस! त्याला गाडीत घालून दिग्रसला नेलं. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सगळं विचारलं, डोक्याला ताण पडलाय म्हणाले, सुया टोचल्या, ताकदीचं औषध दिलं, आराम सांगितला. घरात त्याच्यासाठी वेगळं दूध तापू लागलं. ते दूध तापवायचं काम रुपीबाईकडे होतं. चुलीपुढं ती रडायची आणि ओसरीवर बसून लोक म्हणायचे, चांगलं आहे, घरात सूर असला की बाबूसिंगचं मन रमेल. ऐकून हसावं की डोकं आपटून घ्यावं, तुम्हीच सांगा.

अखेर तिचं दूध आटलं, लेकरू उपाशी राहू लागलं, तेव्हा कुठं नवरा लालसिंग तिलाही त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेला. ती घुंगटात बसली. डॉक्टरांनी जे विचारलं ते लालसिंगला विचारलं.

"काय होतं हिला?"

"रडते, साहेब."

"पहिलंच बाळंतपण?"

"व्हय."

"मग रडणारच. बायकांचं मन हळवं असतं. एक मुलगा होऊ द्या, रडायला सवडच मिळणार नाही."

घुंगटाच्या आत ती बोलायला तोंड उघडणार तोवर लालसिंग उठलाही होता.

डॉक्टरांचा सल्ला पाळला गेला. पुढं मुलगा झाला. आणि खरोखरच रुपीबाईचं रडणं थांबलं. ती बरी झाली म्हणून नव्हे. कुणी ऐकत नाही तिथं गळा फाडून करायचं काय, असं तिला वाटलं आणि तिनं तोंड मिटलं. आतलं सगळं होतं तिथंच होतं. जेवण तसंच, झोप तशीच, विहिरीची भीती तशीच. ती कामं करायची, पोरं सांभाळायची, लग्नाचं बोलावणं आलं तर घसा बसला म्हणून सांगायची. लालसिंग बाजारात ज्याला त्याला सांगायचा, "एकदम ठीक झाली घरची. डॉक्टर हुशार हाये." तो दुष्ट नव्हता हो. त्याला खरंच तसं वाटायचं, आणि त्याचाच तिला जास्त थकवा यायचा.

अशी काही वर्षं गेली. मग एका सकाळी शेजारची मानीबाई आपली सून हंसा हिला घेऊन ओसरीवर आली. हंसा ओली बाळंतीण. एरवी घसा बसला म्हणणाऱ्या रुपीबाईनं मानीबाईच्या शब्दाखातर हिच्या माहेरी जाऊन हिला तेवढा ढावलो शिकवला होता. आता तीही रात्रंदिवस रडत होती, सुरात, छान. मांडीवर लेकरू होतं आणि तिचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

"सांग वं हिले," मानीबाई म्हणाली. "तू कशी बरी झाली? दुसरं लेकरू झालं अन् थांबलं ना तुहं रडनं? हिलेही तेच सांगून राह्यली मी."

ओसरीवर भुरीबाई होती, लालसिंग होता, खांबाला टेकून बाबूसिंग होता. हो म्हणायला काय जात होतं? पण हो म्हटलं की या पोरीचंही तेच होणार, हे रुपीबाईला लख्ख दिसलं.

"मी बरी नाई झाली," ती म्हणाली. "रडनं बंद केलं फकस्त. आतून मी मेल्यावानी हावो, तवापासून."

लालसिंग गडबडीनं म्हणाला, "आता काहून असं बोलते? पुन्हा सुरू झालं वाटते हिचं. नेतो उद्या डॉक्टरकडं."

तेवढ्यात बाबूसिंग बोलला. तोंड दुसरीकडं करून बोलला, पण बोलला. "खरं सांगून राह्यली ते. बैल मेला तवा मलेही असंच होत होतं. अस्संच."

भुरीबाईनं मुलाकडं मायेनं पाहिलं. "तुहं येगळं होतं, बाप्पा," ती म्हणाली. "तुले तं बिमारी होती."

बाबूसिंगनं मान खाली घातली. रुपीबाईला राग यायला हवा होता, पण तेवढं बळही उरलं नव्हतं. ती सरकत हंसाजवळ गेली आणि तिच्या मांडीवरचं लेकरू आपल्याकडं घेतलं.

"रड तू," ती म्हणाली. "पन मी शिकवलं तसं नको. सुरात नको रडू, पोरी."

हंसा आधी गोंधळली. मग तिनं तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं त्याला सूर नव्हता, शब्द नव्हते, आईबापाचं नाव नव्हतं. ते गुराच्या हंबरण्यासारखं होतं. नाक गळत होतं, अंग थडथड उडत होतं. मानीबाईच्या तोंडचं पाणी पळालं. ती सुनेपुढं खाली बसली, तिचे दोन्ही खांदे धरले आणि विचारलं, "काय वं बाई? काय होऊन राह्यलं तुले? सांग मले!"

रुपीबाई लेकराला थोपटत ऐकत राहिली. एवढा एक प्रश्न तिला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. आज तो तिच्या ओसरीवर विचारला गेला, दुसरीला. तिला बरं वाटलं, आणि फार वाईटही वाटलं.