टीव्हीकडे पाठ करून बघायचे चित्रपट

वाचनालयात सगळे त्यांना सूचीताई म्हणत. नवं पुस्तक आलं की ते आधी मागच्या खोलीत त्यांच्या टेबलावर येई. त्या त्याला विषय आणि क्रमांक देत, सूचीत नोंद करत, आणि मग ते पुढे कपाटात जाई. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताखालून हजारो पुस्तकं गेली होती, पण पूर्ण वाचलेली बोटांवर मोजण्याइतकी. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, मलपृष्ठ, की पुढचं पुस्तक. स्वयंपाक करणाऱ्याचं पोट वासानंच भरतं म्हणतात, तसं काहीसं झालं होतं.

एका सोमवारी ग्रंथपालबाईंनी फर्मान काढलं. वाचनालयात चित्रपट आणि मालिकांच्या डीव्हीडींचं एक मोठं कपाट होतं, आणि लोक त्याच्यापुढे उभे राहून गोंधळून रिकाम्या हातानं परत जात. तेव्हा प्रत्येक कर्मचाऱ्यानं स्वतःला आवडलेल्या चित्रपटांचा नाहीतर मालिकांचा एक गट करायचा, त्याला एक विषय द्यायचा आणि पाटी लिहून दाराजवळच्या फळीवर मांडायचा. विषय जडजंबाल नकोत, मैत्रिणीला सांगावं तसं लिहा, असंही त्यांनी बजावलं.

फळी भरू लागली. देवघेवीच्या टेबलावरच्या भाऊंनी ‘उलटतपासणी रंगते असे’ मांडले. बालविभागातल्या बाईंनी लिहिलं, ‘ज्यात कुत्रा शेवटपर्यंत जिवंत राहतो’, आणि त्या गटावर उड्या पडल्या. पहारेकऱ्यानं हौसेनं मागून घेऊन ‘सगळं आगगाडीतच घडतं’ असा गट केला. सूचीताईंची जागा तेवढी रिकामी. जगातल्या कुठल्याही विषयाला क्रमांक देणाऱ्या बाईंना स्वतःची आवड कुठल्या कप्प्यात घालावी तेच कळेना. घरी टीव्ही सासूबाईंच्या ताब्यात होता, आणि त्यांच्याशेजारी बसलं की चित्रपटापेक्षा सासूबाईच जास्त ऐकू येत. हा कोण, मघाचाच का, मग याची टोपी कुठे गेली, असं अखंड चालायचं.

त्याच आठवड्यात भाऊंची दाढ दुखायला लागली. ते दवाखान्यात गेले आणि सूचीताईंना पुढे देवघेवीच्या टेबलावर बसावं लागलं. मागच्या गल्लीतल्या टेलरबाई एक डीव्हीडी परत करायला आल्या. पँटची लांबी कमी करणं, कोटाचं अस्तर बदलणं, चेन बसवणं असली कामं त्या करत. खांद्यावर मोजायची टेप तशीच राहिलेली. त्यांनी डीव्हीडी टेबलावर ठेवली आणि तक्रारीचा सूर न लावता म्हणाल्या, “यात कोणी बोलतच नाही हो. अर्धा वेळ नुसता समुद्र. चांगलाच असेल, पण माझे डोळे सुईवर असतात. बघायला नको, ऐकायला काहीतरी द्या.”

“मग रेडिओ लावा की,” सूचीताई म्हणाल्या.

“रेडिओवरची माणसं माझ्याशी बोलतात. मला दुसऱ्यांचं आपापसातलं बोलणं ऐकायचं असतं.”

हे वाक्य सूचीताईंच्या डोक्यात रुतून बसलं. न बघताही अख्खा कळेल असा चित्रपट कोणता? कुठल्याच सूचीत हा विषय नव्हता. पाटीवर काय लिहायचं याची काळजी बाजूला राहिली आणि त्यांना खरोखरच उत्सुकता लागली.

संध्याकाळी त्या काही डीव्हीडी घरी घेऊन गेल्या. एक लावली, खुर्ची उलटी फिरवली आणि टीव्हीकडे पाठ करून मटार सोलायला बसल्या. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्तीचं काम करत. ते घरी आले, बायकोकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, आणि भांडण नेमकं कशावरून झालं असं त्यांनी टीव्हीलाच विचारलं. कारण कळल्यावर मात्र ते हसले नाहीत. लिफ्टसुद्धा आपण आधी कानानंच तपासतो म्हणाले, आणि मटारात हात घातला.

मग घरात एक परीक्षाच सुरू झाली. सूचीताईंनी फक्त ऐकायचं, सासूबाईंनी बघायचं, आणि संपल्यावर दोघींनी गोष्ट सांगायची. दोन्ही गोष्टी जुळल्या तर चित्रपट पास. मारामारीचे चित्रपट पहिल्याच फेरीत गारद झाले, नुसती आदळआपट. प्रेमकथांनीही दगा दिला, कारण प्रेमात पडलेली माणसं नेमकी मोक्याच्या वेळी गप्प होतात. एकाच घरात कोंडलेली भांडकुदळ कुटुंबं मात्र उत्तम ऐकू येत. वसतिगृहातल्या भाडेकरूंची एक जुनी मालिका तर पहिल्या नंबरानं पास झाली. त्यात दारामागून कोण खाकरलं हेसुद्धा कळायचं. सासूबाईंच्या अंगात परीक्षक संचारला होता. आयुष्यभर ज्या बोलण्यापायी त्यांना ‘जरा गप्प बसा’ ऐकावं लागलं, ते बोलणं आता सूनबाई कान देऊन ऐकत होती.

फळीवर पाटी लागली : ‘टीव्हीकडे पाठ करून बघायचे चित्रपट आणि मालिका’. भाऊ दाढ धरून हसले. एक निवृत्त मास्तर चष्मा कपाळावर चढवून पाटी वाचत राहिले आणि म्हणाले, “पाठ करायचे? का, परीक्षा घेणार आहात?” पण हसता हसता गट रिकामा होऊ लागला. लाँड्रीत इस्त्री करणारी एक मुलगी, खानावळीतले आचारी, घरं रंगवणारा एक माणूस, असे लोक येऊ लागले. मास्तरांनीच एकदा रांगेत टेलरबाईंना सांगितलं की संस्कृतात सूची म्हणजे सुई. टेलरबाईंनी सूचीताईंकडे नीट बघून घेतलं. “म्हणजे तुम्ही आमच्याच की,” त्या म्हणाल्या.

मग गटात दोन बहिणींचा एक चित्रपट आला. आईच्या मागे राहिलेलं घर विकायचं की नाही यावरून थोरली आणि धाकटी चित्रपटभर भांडतात. ऐकायला एकदम फर्मास. टेलरबाई तो परत करायला आल्या तेव्हा हळहळत होत्या. चित्रपटाच्या शेवटी सगळं गप्प होतं. मग पावलं वाजतात, दार लागतं, खुर्ची सरकते आणि किटली शिट्टी घालते. धाकटी घर सोडून गेली आणि थोरली एकटीच चहा करत बसली, हे काही त्यांच्या मनातून जाईना.

सूचीताई चमकल्या. “गेली कुठे? ती दारापर्यंत जाते आणि परत येते. म्हणून तर खुर्ची सरकते. दोघी चहाला बसतात.”

“तुम्ही पाहिलंत?”

सूचीताईंनी पाहिलं नव्हतंच. त्या दिवशी गोष्टी जुळवून बघायचं राहून गेलं होतं. संध्याकाळी त्यांनी सासूबाईंना विचारलं. सासूबाईंनी ठणकावून सांगितलं की कोणी गेलं नाही, कोणी आलं नाही, ते दार शेजाऱ्यांचं होतं. यजमानांनी डोळा मारून खूण केली : आई शेवटी चांगल्या घोरत होत्या.

एका दारातून आता तीन गोष्टी बाहेर पडल्या होत्या. चित्रपट पाहिलेल्या ग्रंथपालबाईंना विचारलं असतं तर त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं असतं, पण सूचीताईंना ते नको होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी टेलरबाईंना बोलावलं. वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या छोट्या टीव्हीसमोर दोघी खुर्च्या सरळ करून बसल्या आणि शेवटचा भाग लावला.

पडद्यावर धाकटी खिडकीशी उभी होती. थोरली उठली, खुंटीवरचा कोट घेतला, एकदा मागे वळून पाहिलं आणि दार ओढून निघून गेली. धाकटी बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं थोरलीची खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि किटली ठेवली.

टेलरबाई म्हणाल्या, “घर विकायचं नाही म्हणून जी जीव टाकत होती, तीच गेली. आणि मी इतके दिवस तिच्यासाठी हळहळतेय.”

“आता धाकटीसाठी हळहळा,” सूचीताई म्हणाल्या.

टेलरबाई हसल्या, पण लगेच थांबल्या. “थोरलीनं कोट घेतला ना हो? मला तर कोटाची सळसळ ऐकू यायला हवी होती.” त्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला आणि या वेळी डोळे मिटून ऐकला. सळसळ होती, अगदी पुसट. अस्तर नसलेला कोट आहे, त्या म्हणाल्या.

सूचीताईंना वाटलं, गटातून हा चित्रपट काढावा. नियमानं तो नापासच होता. टेलरबाईंनी साफ विरोध केला. चुकीचं ऐकलं म्हणून तर आपण दोघी इथे बसलो, नाहीतर तुम्ही मागच्या खोलीत आणि मी मशीनवर, असं त्यांचं म्हणणं. शेवटी डीव्हीडीवर चिठ्ठी लागली : ‘आधी ऐका. शेवट कसा झाला ते देवघेवीच्या टेबलावर येऊन सांगा. मग वळून बघा.’

लोक सांगायला येऊ लागले. इस्त्रीवाल्या मुलीच्या मते घर विकत घेणारा माणूस आत आला होता. आचाऱ्यांचं लक्ष फक्त किटलीकडे : पाणी एकाच कपापुरतं होतं, उकळी फार लवकर आली, हे त्यांनी ओळखलं होतं. भाऊंना एवढं ऐकून घ्यायला वेळ नव्हता. तेव्हा सूचीताईंनी आपण होऊन ग्रंथपालबाईंकडे दुपारची देवघेव मागून घेतली. मागच्या खोलीतली पुस्तकं सकाळी उरकायची आणि दुपारी पुढे यायचं. आता पुस्तक परत आलं की त्या शिक्का मारण्याआधी विचारत, कसं होतं. बरं होतं, एवढ्यावर कोणाची सुटका होत नसे. त्यातली दोन-चार पुस्तकं त्यांनी स्वतः घरी नेऊन पहिल्या पानापासून वाचली, आणि एकाला तर आपणच चुकीचा क्रमांक दिला होता हे त्यांच्या लक्षात आलं.

अशाच एका दुपारी एक माणूस छातीशी तान्हं बाळ बांधून आला. बाळ झोपलं होतं, म्हणून तो कुजबुजतच बोलला. पाटी वाचली, छान आहे, पण आपल्याला नेमकं उलटं हवंय म्हणाला. घरात आवाज करायची सोय नाही. आवाज पूर्ण बंद करून कळेल असं काही आहे का?

सूचीताईंनी त्याला उद्या यायला सांगितलं. संध्याकाळी निघताना त्यांनी कपाटातून तो समुद्राचा चित्रपट काढला, आणखी काही घेतले, आणि घरी जाऊन टीव्हीचा आवाज शून्यावर आणला. सासूबाईंना आधी वाटलं टीव्ही बिघडला. मग पडद्यावर एक माणूस होडीतून उतरला, आणि त्यांनी विचारलं, “हा कोण?”

“तुम्हीच सांगा,” सूचीताई म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी सरकून बसल्या.