आत्याचं 'मग फुडं?'

आमची आत्या हसत नसे. दुःखी होती म्हणावं, तर तसंही नव्हतं. खाणंपिणं, देवधर्म, गल्लीतल्या चौकशा सगळं जोरात. बाबांची ही थोरली बहीण उदगीरला आमच्याच घरी असे. कुणी कितीही भारी विनोद सांगितला तरी ती शांतपणे सुपारी चघळायची आणि विचारायची, "मग फुडं?" सांगणाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी मुख्याध्यापकांची नक्कल केली, तेव्हा खुद्द मुख्याध्यापक पोट धरून हसले. आत्या पहिल्या रांगेत, दुखवट्याला बसल्यासारखी. घरी येताना म्हणाली, "बरं केलास. मग फुडं?" तेव्हापासून मी हट्टालाच पेटलो. जगाला नंतर हसवू, आधी आत्याला.

बाबांनी मला डॉक्टर करायला लातूरला शिकवणीला घातलं; मी तिथं एकांकिका लिहीत बसलो. पुढं हैदराबादच्या एका कार्टून कंपनीतून बोलावणं आलं आणि घरात रणकंदन माजलं. आत्याच बाबांना म्हणाली, "डाक्टर लई झाले लातुरात. जाऊ दे त्याला." तिथं आधी परदेशी कार्टूनच्या तोंडी आपली वाक्यं बसवायची, मग दुसऱ्यांच्या गोष्टीत विनोद पेरायचे, अशी उमेदवारी करत मी स्वतःचे भाग लिहू लागलो.

कार्टून कुणी लिहितं, हे आत्याला कधीच पटलं नाही. "आमचा पोरगा चित्रं काढून राहिलाय," असं तिनं गल्लीभर सांगितलं. सुट्टीला आलो की लोक लग्नघराच्या भिंतीवर गणपती काढायला बोलवायचे. एकदा नाइलाजानं काढला. आत्या न्याहाळून म्हणाली, "हत्ती बरा जमलाय."

तरी प्रत्येक भाग मी तिला फोनवर वाचून दाखवायचो. माकड विहिरीत पडो की सरपंचाचं धोतर सुटो, पलीकडून तेच, "मग फुडं?" शेवटी वैतागून मी मालिकेत एक म्हैस आणली. आजूबाजूला आभाळ कोसळलं तरी ती रवंथ करते आणि विचारते, "मग फुडं?" पोरांनी तिला डोक्यावर घेतलं. माझी नोकरी पक्की झाली ती त्या म्हशीमुळं. पण ते भाग आत्याला वाचून दाखवायचा धीर मला झाला नाही.

गेल्या वर्षी आत्यानं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले. मी सुट्टी काढून आलो. ही न हसताच जाणार, या विचारानं माझा जीव तुटत होता. एका दुपारी तिनं टीव्ही लावायला सांगितला आणि नेमकी म्हैस आली. मी रिमोट शोधू लागलो. आत्या टक लावून बघत राहिली. मग मला जवळ बोलावून, स्वयंपाकघराकडं डोळे करत पुटपुटली, "वळखलं मी. ही तुझी माय हाय न्हवं?"

आणि आत्या हसली. खोकला येईपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "सांगू नको हां तिला," म्हणाली आणि पुन्हा हसली. मी मान डोलावली. जन्मभर जे मागत होतो ते मिळालं होतं. आता खरं कोण सांगत बसतो!

दिवाळीच्या तोंडावर ती गेली. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. घर खायला उठलं म्हणून मी टीव्ही लावला. आई एरवी कार्टूनकडं ढुंकून बघत नसे. "मग फुडं?" ऐकून पोळ्या टाकून ती बाहेर आली. रवंथ करणाऱ्या म्हशीकडं बघत उभी राहिली, आणि पिठाच्या हातानंच तिनं पदर डोळ्यांना लावला.

"वन्सं," ती म्हणाली, "बसा. च्या टाकते."